गावात युवक मंडळ उभं कसं करायचं आणि टिकवायचं कसं

आमच्या मंडळात पहिली फूट पडली ती ३४० रुपयांवरून. वृक्षारोपणाच्या दिवशी चहा आणि वडापाव आणला होता. पैसे खर्च झाले होते हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण चिठ्ठी कुणीच ठेवली नव्हती. महिनाभराने हिशोब जुळेना. कुणीतरी काहीतरी बोललं आणि ते खजिनदाराच्या घरापर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील पारावर आले, सदऱ्याच्या खिशातून नोटा काढून दगडावर ठेवल्या आणि म्हणाले, "मोजून घ्या." तो पोरगा पुढे आठ महिने मंडळाकडे फिरकला नाही. त्या दिवशी लावलेल्या रोपांपैकी पुढच्या एप्रिलात किती उरली होती, हेही कुणाला सांगता आलं नाही, कारण तेही आम्ही मोजलं नव्हतं.

साताऱ्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात पंधरा वर्षं मंडळाचं काम करताना जे शिकलो, ते नव्याने मंडळ काढणाऱ्यांसाठी इथे क्रमाने लिहितो आहे. माझं ठाम मत आहे की मंडळ उत्साहाच्या अभावाने मरत नाही. उत्साह आपल्याकडे भरपूर असतो. मंडळ मरतं ते नोंद न ठेवल्यामुळे.

फलकाच्या आधी वह्या

पहिल्याच बैठकीला तीन गोष्टी विकत आणा: इतिवृत्ताची वही, रोजकीर्द आणि छापील क्रमांकाचं, कार्बन घालून लिहायचं पावती पुस्तक. टी-शर्ट आणि फ्लेक्स नंतर.

इतिवृत्तात लांबलचक भाषणं लिहायची नसतात. तारीख, जागा, हजर असलेल्यांच्या सह्या, काय ठरलं, सूचक कोण, अनुमोदक कोण आणि ते काम कोण कोणत्या तारखेपर्यंत करणार. शेवटची गोष्ट लिहिली नाही तर ठराव वहीतच राहतो. पुढची बैठक मागचं इतिवृत्त वाचून सुरू करा. ज्याच्या नावापुढे काम लिहिलेलं असतं, तो चारचौघांत ऐकल्यावर पुढच्या खेपेला करूनच येतो.

रोजकीर्दीत डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. प्रत्येक खर्चाला क्रमांक आणि त्याच क्रमांकाचं बिल फाइलला. चहाच्या टपरीवर किंवा ट्रॅक्टरवाल्याकडे बिल मिळत नाही, तिथे कोऱ्या कागदावर चिठ्ठी करा: "चहा २२ कप, एकूण रुपये अमुक, मिळाले", खाली त्याची सही आणि तारीख. पावती फाडल्याशिवाय वर्गणीचा एक रुपयाही घेऊ नका, घरच्या माणसाकडूनही.

महिन्याच्या १ तारखेला अख्ख्या महिन्याचा हिशोब एका पानावर उतरवून गावात लावा. आम्ही आधी तो देवळाच्या दारावर लावायचो. नंतर लक्षात आलं की देवळात सगळे रोज येत नाहीत, पण दूध घालायला डेअरीवर प्रत्येक घरचं माणूस सकाळ-संध्याकाळ येतं आणि रांगेत उभं राहतं. आता हिशोब डेअरीच्या भिंतीवर असतो. रांगेत उभी माणसं तो वाचतात, बोट ठेवून विचारतात आणि मग वर्गणी मागायला गेलं की वाद घालत नाहीत.

सभासद कोण, आणि मुली कुठे आहेत

राष्ट्रीय युवा धोरणाने १५ ते २९ हे युवकांचं वय धरलं आहे. मंडळाची सभासद यादी साधारण याच वयाची ठेवा. त्याहून मोठ्यांना सल्लागार करा, म्हणजे अनुभवही राहतो आणि खुर्चीही अडत नाही. यादी करताना एक गोष्ट मुद्दाम तपासा: गावातल्या प्रत्येक आळीतून, प्रत्येक वस्तीतून आणि मळ्यात राहणाऱ्यांतून कुणी ना कुणी आहे का? एकाच भावकीची दहा पोरं असली तर ते मंडळ गावाचं होत नाही.

मुलींबद्दल नेहमीची तक्रार असते, "बोलावलं तरी येत नाहीत." रात्री नऊला पारावर बैठक ठेवली तर कशा येतील? बैठक रविवारी दुपारी चारला शाळेच्या ओट्यावर ठेवा, कुणा मुलीला एकटीने यावं लागू नये म्हणून सुरुवातीला तिघी-चौघींना एकत्र विचारा आणि त्यांच्या घरी जाऊन आई-वडिलांशी बोला. आणि त्यांना रांगोळी-स्वागतात अडकवू नका, पद द्या. आमच्याकडे सगळ्यात चोख हिशोब ठेवला तो एका बी.कॉम.च्या मुलीने. तिचं लग्न ठरलं तेव्हा मात्र आमची पंचाईत झाली, कारण वह्या तिच्याशिवाय कुणालाच कळत नव्हत्या. तेव्हापासून प्रत्येक पदामागे एक जोडीदार असतो. मुली सासरी जातात, मुलं चाकण-भोसरीच्या कंपन्यांत जातात. मंडळाने हे गृहीतच धरायला हवं.

पहिलं काम: पळायची धावपट्टी

पहिलं काम असं निवडा जे महिनाभरात पुरं होईल, फार पैसे लागणार नाहीत, रोज डोळ्यांसमोर दिसेल आणि गावातल्या दोन्ही पार्ट्यांची पोरं ज्याचा फायदा घेतील. कुणी विचारलं तर मी धावपट्टी सांगतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली गावोगावी पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात. मागून उसाच्या गाड्या येत असतात. आणि किती अंतर झालं याचा अंदाज विजेच्या खांबांवरून.

पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक असते. एकूण गुण ५०. म्हणून २०० मीटरची फेरी आखली की मुलांच्या ८ आणि मुलींच्या ४ फेऱ्या बरोबर बसतात. आखायची अशी.

साधारण ९० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद सपाट जागा हवी. गायरान असेल तर ग्रामपंचायतीची, शाळेचं मैदान असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी आधी घ्या. मधोमध ५० मीटरची सरळ रेष टेपने मोजून दोरी ताणा आणि दोन्ही टोकांना पहारी ठोका. आता १५.७० मीटरची दोरी घ्या, तिचं एक टोक पहारीला सैल फासाने अडकवा आणि दुसऱ्या टोकाला खिळा बांधून दोन्ही बाजूंना अर्धवर्तुळं ओढा. मग अर्धवर्तुळांची टोकं ५० मीटरच्या दोन सरळ रेषांनी जोडा. झाली धावपट्टीची आतली कड. पळणारा या रेषेपासून साधारण वीतभर बाहेरून पळतो, म्हणून त्याची फेरी २०० मीटरला येऊन बसते. दोरी नायलॉनची नको, ताणते. आमची पहिली पट्टी तशीच मोठी झाली होती, आणि पोरं आठवडाभर वेळ वाढतोय म्हणून हिरमुसली होती. सुतळीने किंवा थेट टेपने मोजा.

नंतर खडे वेचणं, खड्डे मुरमाने भरणं, पाणी मारून रोलर फिरवणं. रोलर नसेल तर ट्रॅक्टरच्या चार खेपाही चालतात. शेवटी रेषांवर चुन्याची फक्की. १०० मीटरसाठी मात्र वेगळी सरळ पट्टी आखा, कारण ती चाचणी वळणावर घेत नाहीत. गोळा मुलांसाठी ७.२६ किलोचा आणि मुलींसाठी ४ किलोचा. हे दोन गोळे हा मंडळाचा पहिला खरेदी-खर्च ठरावा. पहाटे पळणाऱ्यांची वेळ लिहायला एक वही मैदानावर ठेवा. तीन महिन्यांनी कुणाची वेळ किती उतरली ते त्या वहीत दिसतं, आणि तीच तुमच्या मंडळाची पहिली कामगिरी.

अभ्यासिका याच्याच जोडीला सुरू होते. समाजमंदिराची बंद खोली मागून घ्या. टेबल-खुर्च्या, ट्यूब, एक पंखा आणि दाराजवळ मोबाईल ठेवायची पेटी. वीजबिल कुणी भरायचं हे पहिल्या दिवशी ठरवा, कारण बहुतेक अभ्यासिका पुस्तकांअभावी नाही, थकलेल्या बिलामुळे बंद पडतात. किल्ली दोघांकडे ठेवा, एकाकडे नाही.

पाण्याचं काम

कोरडवाहू भागातल्या मंडळाने दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पाण्याला हात घालावाच. आपल्याकडे याचे मोठे दाखले आहेत. राळेगणसिद्धीला १९७५ मध्ये अण्णा हजारे लष्करातून परतले, तेव्हा सुरुवात संत यादवबाबांच्या देवळाच्या जीर्णोद्धारापासून झाली आणि गावातल्या तरुणांचं मंडळ कामाला लागलं. हिवरे बाजारमध्ये १९८९ साली गावातल्या तरुणांनीच आग्रह धरून एम.कॉम. झालेल्या पोपटराव पवारांना सरपंच केलं. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेचं पहिलं वर्ष २०१६. वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीन तालुके त्यात होते, आणि पहिला आला तो आमच्याच जिल्ह्यातल्या कोरेगावचा वेळू. तिथलं श्रमदान ऐकून आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांनीही टिकाव उचलला.

पण भावनेच्या भरात माळावर चर खणायला निघू नका. जमीन कुणाची ते आधी पाहा. गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव, वनखात्याची असेल तर त्यांची परवानगी, खासगी असेल तर मालकाची लेखी संमती. आणि काम माथ्यापासून पायथ्याकडे. खाली बांध घालून वर काही केलं नाही तर पहिल्या मोठ्या पावसात गाळ येऊन सगळं बुजतं.

सलग समतल चर म्हणजे एकाच पातळीवर आडवा जाणारा चर. ही पातळी नजरेने कधीच जमत नाही. साधन सोपं आहे: खुणा केलेल्या दोन सारख्या उंचीच्या काठ्या आणि त्यांना बांधलेली दहा-बारा मीटरची पारदर्शक नळी, आत निळ टाकलेलं पाणी. दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच खुणेवर आलं की दोन्ही जागा एका पातळीवर. तिथे फक्की टाकायची आणि पुढे सरकायचं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळी आखणी चुकते, म्हणून सुरुवातीला नळी उभी धरून टिचक्या मारून बुडबुडे काढा. हे काम शाळकरी पोरं फार मन लावून करतात. चराची माती उताराच्या बाजूला टाका, कडेला थोडी जागा सोडून. नाहीतर तीच माती पावसाने परत चरात येते.

आता हिशोब. चर २ फूट रुंद, १ फूट खोल, म्हणजे ०.६० गुणिले ०.३० मीटर. असा १० मीटर चर म्हणजे १.८ घनमीटर, आणि एका भरण्यात १८०० लिटर पाणी. मुरमाड माळावर एका माणसाने सकाळच्या दोन तासांत अर्धा घनमीटर खणलं तरी पुष्कळ. वीस माणसं, तीस दिवस: ३०० घनमीटर. म्हणजे एका भरण्यात ३ लाख लिटर. उन्हाळ्यात गावात येणारा टँकर १० हजार लिटरचा धरला तर ३० टँकर. ग्रामसभेत हा आकडा टँकरमध्ये सांगा. लिटर कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत, टँकरमागे हंडा घेऊन धावलेली प्रत्येक बाई तीस टँकर मात्र ओळखते.

श्रमदानाची वेळ सकाळी साडेसहा ते साडेआठ. रोज किती मीटर खणायचं ते आदल्या संध्याकाळी फक्कीने आखून ठेवा, म्हणजे आलेला माणूस उभा राहत नाही. टिकाव, फावडं, घमेलं यांचं प्रमाण बघा. आमच्याकडे पहिल्या दिवशी फावडी चाळीस आणि टिकाव सहा निघाले. निम्मी माणसं बसून राहिली आणि दुसऱ्या दिवशी आली नाहीत.

काम केलं तेवढ्याने भागत नाही, फरक मोजावा लागतो. गावातल्या पाच-सहा विहिरी निवडा आणि दर महिन्याच्या १ तारखेला गाठी मारलेल्या दोरीला दगड बांधून पाणी किती खाली आहे ते लिहा. मेअखेरचा आणि ऑक्टोबरचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. शाळेत पर्जन्यमापक बसवा, पाऊस मुलांनाच लिहू द्या. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर, एवढं सूत्र पाठ असलं की गावाच्या शिवारात किती पाणी पडलं ते कुणालाही काढता येतं. हिवरे बाजारला दरवर्षी असा पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडतात आणि त्यावर पिकं ठरतात. झाडांनाही हाच नियम. जुलैत किती लावली ते सांगू नका, पुढच्या मे महिन्यात किती जगली ते मोजा. आम्ही आता एका सभासदाला पाचच झाडं देतो. उन्हाळ्यात पाणी घालता येईल तेवढीच.

रक्तदान शिबिर

शिबिर जयंतीच्याच दिवशी घ्यायचा आपला हट्ट असतो. पण तांबड्या पेशींचं रक्त साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतं, प्लेटलेट तर ५ दिवस. एकाच आठवड्यात तालुकाभर शिबिरं झाली की पुढे टंचाई येते. जवळच्या रक्तकेंद्राला विचारा, "तुम्हाला कधी कमी पडतं?" बहुतेक ठिकाणी उत्तर उन्हाळ्याची सुट्टी किंवा दिवाळी असं येतं. तेव्हाची तारीख घ्या. श्रावणी सोमवार, एकादशी असे उपासाचे दिवस टाळा, उपाशी माणसाचं रक्त घेत नाहीत.

दाता १८ वर्षांचा पुरा, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिनही किमान १२.५. दोन दानांत पुरुषांना ९० दिवसांचं आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर. तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघालेल्या मुली आणि बायका पुष्कळ असतात. त्यांची नावं मोठ्याने वाचू नका. आशाताईंना बाजूला बसवा आणि त्यांच्याकडे शांतपणे पाठवा. माझ्या मते गावातल्या शिबिराचा हा फायदा रक्ताच्या पिशव्यांइतकाच मोलाचा आहे. गावाची दात्यांची यादी रक्तगटाप्रमाणे, संमती घेऊन, दोघांकडे ठेवा. रात्री-अपरात्री फोन येतो तेव्हा ती लागते.

नोंदणी कधी आणि कशी

वर्षभर काम आणि हिशोब नीट चालला की मगच नोंदणी करा. महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० अशा दोन्हींखाली नोंद होते. काम जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात. किमान ७ सभासद लागतात. उद्देशपत्र, नियमावली, सभासदांची ओळखपत्रं आणि संमतिपत्रं, कार्यालयाच्या जागेच्या मालकाचं ना-हरकत पत्र घरपट्टीच्या पावतीसह, आणि प्रतिज्ञापत्र. नियमावली दुसऱ्या संस्थेची जशीच्या तशी उतरवू नका. कार्यकारिणीची मुदत, बैठकीची गणसंख्या (म्हणजे किमान किती जण हजर हवेत) आणि पद रिकामं झालं तर काय, हे स्वतः बसून लिहा, कारण भांडण झालं की तोच कागद उघडतात.

नोंदणीनंतर पॅन आणि बँक खातं. अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांतल्या कोणत्याही दोघांच्या सहीने पैसे निघतील असं ठेवा. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, आणि ३१ मार्चला वर्ष संपलं की हिशोबाचं लेखापरीक्षण करून ते दाखल करावं लागतं. नोंदणी करून ही दोन कामं विसरलेल्या संस्था मी फार पाहिल्या. पाच वर्षांनी अनुदान मागायला गेल्यावर जुन्या कार्यकारिणीचीच नावं दफ्तरी निघतात, त्यातले दोघं गाव सोडून गेलेले. नोंदणी नसलेल्या मंडळाला उत्सवासाठी वर्गणी गोळा करायची असेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली तात्पुरती परवानगी मिळते, ती घ्या.

१९७२ पासून नेहरू युवा केंद्रं गावच्या युवक मंडळांना प्रशिक्षण, क्रीडा साहित्य आणि कार्यक्रम देत आली. ३१ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'मेरा युवा भारत' या तरुणांसाठीच्या व्यासपीठावर आता सभासदांनी वैयक्तिक नोंद करावी.

ग्रामपंचायत आणि निवडणूक

वर्षात किमान चार ग्रामसभा होतात. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी ती गणसंख्या. मंडळाने प्रत्येक ग्रामसभेला हजर राहावं, विषय आधीच लेखी देऊन पोच घ्यावी आणि ठराव झाल्यावर त्याची नक्कल मागून फाइलला लावावी. तोंडी मागणी करून चिडून परत येणं सोडून द्या.

निवडणुकीत मंडळं फुटतात. आमचा नियम इतिवृत्तात लिहिलेला आहे: जो उभा राहील त्याने अर्ज भरण्याआधी मंडळाच्या पदाचा राजीनामा द्यायचा, आणि मंडळाच्या फलकावर कोणत्याही पुढाऱ्याचा फोटो लावायचा नाही, त्याने कितीही देणगी दिली तरी. यावरून एकदा मोठी देणगी परत करावी लागली. त्या वर्षी अभ्यासिकेला पंखा आला नाही. पण निकालानंतर दोन्ही पॅनेलची पोरं श्रमदानाला आली.

कामगिरी मांडताना

राज्य सरकारचा जिल्हा युवा पुरस्कार एक युवक, एक युवती आणि एका नोंदणीकृत संस्थेला मिळतो. अर्ज जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात. तिथे भाषण नाही, कागद लागतात: मागच्या वर्षांची लेखापरीक्षणं, कामाचे फोटो, कात्रणं, प्रमाणपत्रं. फोटो काढताना एकाच जागेवरून कामाआधी, काम चालू असताना आणि पावसाळ्यानंतर असे तीन काढा आणि मागे तारीख लिहा. टिकाव हातात धरून कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या पाहुण्यांचे फोटो कामाचे नाहीत. विहिरींची वही, धावण्याच्या वेळांची वही आणि डेअरीवरची हिशोबाची पानं, एवढी फाइल झाली की अर्ज एका संध्याकाळी भरून होतो.

दर ३१ मार्चला आमच्याकडे शाळेच्या ओट्यावर पत्र्याची पेटी उघडतात. जुना खजिनदार रोजकीर्द वाचतो, नवी खजिनदार शिल्लक रोकड मोजते, पावती पुस्तकातल्या उरलेल्या पावत्या क्रमांकाप्रमाणे तपासते, दोन गोळे आणि टिकाव-फावडी यादीशी जुळवून घेते. मग दोघं वहीत सही करतात. गेल्या वर्षी जुन्या खजिनदाराच्या सहीखाली साक्षीदार म्हणून सही करायला आम्ही त्या ३४० रुपयांवाल्या मित्राला बोलावलं होतं. त्याने आधी सगळी चिल्लर पुन्हा मोजली, मगच सही केली.